भिंतीपलीकडची भैरवी

"ताई, भुताखेतांवर विश्वास आहे का हो तुमचा?"

सकाळचे साडेसात. मी आकडीनं शेवग्याच्या शेंगा काढत होते. झाड आमचं, पण फांद्या सगळ्या वहिनींच्या अंगणात झुकलेल्या. शेंगा कुणाच्या हा प्रश्न वीस वर्षांत कुणी काढलेला नाही, निम्म्या-निम्म्या होतात. मधली भिंत छातीएवढी. तिच्यावर वहिनींनी दोन्ही कोपरं टेकली की ओळखायचं, आता कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत सुटका नाही. आज तर त्या कुकर लावायच्या आधीच आल्या होत्या.

"नाही बाई. का हो?"

"माझाही नव्हता. सोमवारपासून बसलाय." वहिनींनी आवाज खाली आणला. "आमचा टीव्ही आपोआप लागतो. पहाटे साडेचारला."

"रिमोटवर मांजर चढलं असेल."

"मांजर घड्याळ बघून चढतं होय? आज चौथा दिवस! आणि लागतं काय, तर गाणं. जुनं, खरखरीत. मागं पेटी वाजतेय, आणि आवाज असा बारीक, ताणलेला, की बुवा गातोय की बाई तेच आधी कळत नाही. बरं, नुसतं लागत नाही. पडद्यावर ती आवाजाची पट्टी येते ना, ती आपली आपण वाढत जाते. बारा, पंधरा, वीस... काल चाळीसपर्यंत गेली. रिमोट फ्रीजवर, आणि मी उभी पदर तोंडात धरून!"

दुसऱ्या गावात पहाटे गाणारं भूत निघालं तर लोक मांत्रिक शोधतील. आमच्या मिरजेत आधी विचारतील, किराण्याचं आहे की ग्वाल्हेरचं? या गावात सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना भोपळ्यांचे ढीग चुकवत चालावं लागतं. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावकऱ्यांना आनंदापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं, की इतके दिवस नव्हतं होय? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात गेले, पण दफन इथंच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. उरसात अजून त्यांच्यापुढं गवई हजेरी लावतात. तेव्हा बारीक, ताणलेला, पेटीवरचा आवाज म्हटल्यावर माझ्या डोक्यात कोण आलं, ते सांगायला नको. पण मी गप्प राहिले.

"आजी घाबरल्या असतील," मी म्हटलं.

"त्यांचं वेगळंच आहे. ते नंतर सांगते," वहिनी म्हणाल्या. नंतर सांगते म्हणाल्या की मोठं काहीतरी राखून ठेवलेलं असतं. मी आकडी भिंतीला टेकवून ठेवली.

"तसा आमचा टीव्ही पहिल्यापासून वाईट चालीचा," वहिनी म्हणाल्या. "संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? अख्ख्या कॉलनीला आठवतंय. बैठकीत वीस-बावीस बायका, अत्तर-गुलाबपाणी, मसाला दूध, आणि यंदा नवीन काय, तर वहिनींच्या फोनवरची गाणी थेट टीव्हीवर. वायर नाही, पेनड्राइव्ह नाही. सगळ्या बघत बसलेल्या. वहिनींनी फोनमधलं कुठलंसं बटण दाबलं आणि अख्खा फोनच त्रेचाळीस इंची झाला. घड्याळ, बॅटरीचा आकडा, नातवाचा फोटो, सगळं. मग त्यांनी गाणं लावलं. दोन कडवी झाली असतील. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेतून एक पांढरी पट्टी घसरत खाली आली. कोल्हापूरच्या जाऊबाईंचा मेसेज. अक्षरं केवढी, तर एकेक मात्रा लाटण्याएवढी: 'यंदा तरी धड वाण लुट गं. गेल्या वर्षीच्या गाळण्या सगळ्यांनी कामवाल्या मावशींना देऊन टाकल्या म्हणे.'

गाणं चालूच होतं. बायका आपापल्या ताटलीतल्या तिळगुळाकडं बघत होत्या. कारण गाळण्या खरोखरच सगळ्यांनी देऊन टाकल्या होत्या. ही बातमी कोल्हापूरला कुणी पोचवली, ते आजतागायत उघड झालेलं नाही. मीही तिळगुळाकडंच बघत होते.

"त्या रात्री आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर माझी शाळा घेतली," वहिनी सांगत होत्या. "म्हणाला, आई, तू केलंस ते मिररिंग. आरसा. आरशासमोर उभं राहिलं की चेहरा दिसतो तसा चेहऱ्यावरचा फोडही दिसणारच. तुझा फोन जे दाखवेल ते सगळं टीव्ही दाखवणार. मेसेज आला, मेसेज दाखवणार. कुणाचा फोन आला, गाणं थांबणार. आणि फोन बिचारा ते सगळं चित्र क्षणाक्षणाला पाठवत बसतो, म्हणून बॅटरीही धाडकन उतरते."

"मग करायचं काय?"

"कास्ट. गाण्याच्या अ‍ॅपमध्येच वर एक चौकट असते बघा, कोपऱ्यात तीन कमानी असलेली, छोट्या रांगोळीसारखी. ती दाबायची. टीव्हीचं नाव येतं, ते निवडायचं. मग काय होतं माहितेय? फोन गाणं पाठवतच नाही. नुसती चिठ्ठी देतो, अमुक गाणं लाव. टीव्ही आपला आपण इंटरनेटवर जाऊन ते आणतो आणि वाजवतो. तो म्हणाला, आई, मिररिंग म्हणजे किराण्याची पोती तू डोक्यावरून वाहून आणतेस, कास्ट म्हणजे तू यादी दिलीस आणि दुकानदाराचा पोरगा घरपोच देऊन गेला. एकदा यादी दिली की तू स्वयंपाकघरात जा, फोनवर दोन तास बोल, नाहीतर भाजी आणायला जा. गाणं थांबत नाही."

"फोन घरात नसला तरी?"

"घरात नसला तरी."

इथं माझ्या मनात कुठंतरी खडा पडल्यासारखं झालं. नुसतं डुबुक. वर काही आलं नाही.

"आणि ते ब्लूटूथ?" मी विषय पुढं ढकलला.

"ते नाव काढू नका. आमच्या टीव्हीचं ब्लूटूथ नुसतं बोलतं, ऐकत नाही. म्हणजे टीव्हीचा आवाज कानातल्या हेडफोनला देईल, पण फोनचा आवाज आपल्याकडं घेणार नाही. काही टीव्ही दोन्ही करतात म्हणे. आमचा नाही करत. घरातल्या पुरुषमाणसांसारखा."

ब्लूटूथचं मला आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. हजारेक वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये हराल्ड नावाचा राजा होता, त्याचं ते टोपणनाव, आणि त्या खुणेतली दोन अक्षरं त्याच्याच नावाची, जुन्या लिपीतली. ह्यांना असलं सगळं माहीत असतं. सिलिंडरचा नंबर लावायचा तेवढा माहीत नसतो.

"पण वहिनी, कास्ट करायला कुणीतरी बटण दाबायला पाहिजे ना? आणि टीव्ही तर तुम्ही रात्री बंद करता."

"तेच की! चिरंजीव म्हणतो, रिमोटनं बंद केला म्हणजे टीव्ही बंद होत नाही. डुलकी घेतो. एक कान उघडा ठेवून. कुणी चिठ्ठी दिली की ताडकन उठून कामाला लागतो. भिंतीवरचं बटण बंद केलं तरच खरा झोपणार. पण ते बंद केलं तर सकाळी चालू व्हायला वेळ लागतो आणि आजींची पूजा सांगणारे ते महाराज निसटतात. म्हणून आम्ही बटण चालूच ठेवतो." वहिनींनी शेवग्याचं एक पिवळं पान उचलून चुरडलं. "आणि चिठ्ठी कोण देऊ शकतं? तर जो आमच्याच वायफायवर असेल तो. दुसऱ्या वायफायवरच्या फोनला, नाहीतर नुसत्या मोबाइल डेटावरच्या फोनला आमचा टीव्ही तिथं दिसतच नाही."

डुबुक केलेला खडा आता वर आला.

शनिवारी आमच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदाई झाली आणि आमची इंटरनेटची केबल तुटली. इंटरनेटवाला उद्या येतो, उद्या येतो म्हणतोय. रविवारी संध्याकाळी हे याच भिंतीशी आले होते. वहिनींच्या चिरंजीवांनी मोठ्या मनानं पासवर्ड सांगितला, काका, केबल जोडेपर्यंत आमचं वापरा. ह्यांनी तो फोनमध्ये घातला. फोनमध्येच. आमच्या टीव्हीत नाही. आमचा टीव्ही जुना, त्याच्या पाठीला भाच्यानं दिलेला क्रोमकास्टचा गोटा लोंबतोय. २०१३ साली तसले गोटे पहिल्यांदा निघाले तेव्हाचा नव्हे, नंतरचा. गुगलनं ते करणं २०२४ साली थांबवलं, तरी आमचा चालतो. तो गोटा बसलाय आमच्या मेलेल्या राउटरची वाट बघत. म्हणजे ह्यांच्या फोनला टीव्ही दिसणार तो एकच. आणि त्याचं नाव? दोन्हीकडं टीव्ही लावून द्यायला एकच पोरगा आला होता. त्यानं दोन्हीकडं एकच नाव घातलं: 'बैठकीची खोली'.

आणि चार दिवस मी काय ऐकतेय? पहाटे साडेचारला उठून, पायात सपाता घालून, हे पुढच्या खोलीत फोनवर बोट आपटत बसतात. डासांमुळं खिडक्या बंद, डोक्यावर पंखा गरगर. "लागलं म्हणतंय, पण आवाज येत नाही. आपला टीव्ही बहिरा झालाय गं." मग आवाज वाढवायचं बटण दाबत राहतात. कास्ट चालू असताना फोनचं ते बटण फोनचा आवाज वाढवत नाही, टीव्हीचा वाढवतं. बारा, पंधरा, वीस, चाळीस. शेवटी "जाऊ दे" म्हणून फोन खिशात टाकून फिरायला जातात. यादी मात्र देऊन झालेली असते.

मी आकडी परत हातात घेतली. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

"काय हो ताई, गप्प झालात?"

"नाही, शेंगा बघतेय. यंदा कमी धरल्यात."

"भाऊजी बरे आहेत ना? पहाटे उठतात का अजून?"

"उठतात... म्हणजे, उठतात कधीमधी."

"खाँसाहेबांचं वेड असेल की अजून."

यावर काय बोलणार? वहिनींच्या चेहऱ्यावर अगदी साधा, निष्पाप भाव होता. बायकांच्या चेहऱ्यावर असा भाव दोनदाच येतो. एकदा खरंच काही माहीत नसताना, आणि एकदा सगळं माहीत असताना.

"आजींचं सांगत होतात तुम्ही," मी म्हटलं.

वहिनी जरा हलल्या. कोपरं काढून भिंतीला पाठ टेकली. आता त्या माझ्याकडं न बघता आपल्या घराच्या दाराकडं बघत बोलत होत्या.

"सोमवारी मी धावत बाहेर आले तर आजी कॉटवर उठून बसलेल्या. अंधारात टीव्हीचा उजेड तोंडावर. मला वाटलं घाबरल्या. जवळ गेले तर म्हणतात कशा, 'अण्णांनी भोंगा लावलाय. कुणी चावी दिली?' अण्णा म्हणजे त्यांचे वडील. शहाऐंशी वर्षांची बाई. सकाळी आपण काय खाल्लं ते आठवत नाही, पण चावीचा भोंगा आठवला. म्हणाल्या, तबकडी तीन मिनिटांत संपायची, मग अण्णा सुई बदलायचे आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. मी एकदा हात लावला तर पाठीत धपाटा. दाखवत होत्या कुठं बसला ते, अशा हात मागं नेऊन."

कुकर लावायची आठवण दोघींनाही राहिली नाही.

"मला एक कळत नाही ताई. त्याच टीव्हीवर मी भीमसेनांचे अभंग लावले, तर पखवाज गायब. नुसते टाळ आणि आवाज. डग्गा तर ऐकूच येत नाही. आणि हे नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचं खरखरीत गाणं कसं चांगलं लागतं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. ह्यांचंच, पण मी माझं म्हणून दिलं. हल्लीचा टीव्ही पापडासारखा पातळ. त्यात स्पीकर मावणार केवढे? ते बोटभर, तेही खाली तोंड करून नाहीतर भिंतीकडं तोंड करून बसवलेले. माणसांचं बोलणं कळावं एवढीच त्यांची ऐपत. खर्ज, घुमारा, डग्ग्याचा 'घे', तंबोऱ्याची खालची तार, ते सगळं ते गिळून टाकतात. त्याला वेगळा स्पीकरच जोडायला लागतो. पण खाँसाहेबांच्या काळच्या तबकडीत खालचा आवाज मुळात फारसा उतरलेलाच नव्हता. वरचाही नाही. मधलाच काय तो. टीव्हीनं मग गिळायचं काय? तबकडीत जे होतं ते सगळं त्या बोटभर स्पीकरमधून बाहेर येतं. आजींनी लहानपणी भोंग्यातून ऐकलं, जवळजवळ तसंच.

"असं होय," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आत आजींचा खोकला ऐकू आला.

"आज मात्र गंमत झाली," त्या एकदम म्हणाल्या. "गाणं रंगात आलेलं, आजी डोळे मिटून डोलतायत, आणि मध्येच फरशीची जाहिरात! बाई पाय घसरून पडते ती. आजी म्हणाल्या, 'अण्णांनी हे कुठनं आणलं?'"

मी हसले. हसताना लक्षात आलं की मी फारच मोकळी हसतेय, गुन्हेगारानं हसू नये इतकी.

"बरं ताई, एक सांगायचं राहिलं." वहिनी परत वळल्या, कोपरं परत भिंतीवर. "आमच्या वायफायवर कुणी टीव्हीला असं काही लावलं ना, की माझ्या फोनवरही वर पट्टी येते. 'बैठकीची खोली', खाली गाण्याचं नाव. थांबवायचं बटणसुद्धा असतं त्यात. सोमवारी ते बघितलं तेव्हाच भूत उतरलं. माझा पासवर्ड कॉलनीत किती जणांकडं आहे, तुम्हाला माहितीच आहे."

"वहिनी..."

"भाऊजींना म्हणावं, आवाज अठरावर ठेवा. चाळीस नको. बाकी काही म्हणणं नाही."

"अहो, मग इतका वेळ भूतबीत काय..."

"गाळण्यांचं कोल्हापूरला कोण बोललं, तेवढं बघायचं होतं, तुमचा चेहरा कसा होतो ते," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या शेंगांची निम्मी जुडी घेऊन आत गेल्या. चांगल्या कोवळ्या तेवढ्या नेल्या.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाजून त्यांनी परत कधी बटण दाबलं नसतं. शिवाय चार दिवस आपण शेजाऱ्यांच्या घरात गात होतो म्हणून माफी मागायला लगेच भिंतीशी गेले असते, आणि माफी मागता मागता हराल्ड राजापर्यंत पोचले असते.

त्याच दुपारी, कुणी बोलावलेलं नसताना, इंटरनेटवाला येऊन केबल जोडून गेला. राउटरवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. ह्यांनी लगेच लावून बघितलं. आमच्या टीव्हीवर, आमच्याच बैठकीत, दणदणीत वाजलं. "बघ, बहिरा नव्हता," म्हणाले. संध्याकाळी मी धुणं काढताना पलीकडून आजींचा आवाज आला. वहिनींना विचारत होत्या, "अगं, उद्या अण्णा लावतील ना?"

शुक्रवारी पहाटे सव्वाचारला मी उठले. अंधारात चाचपत जाऊन राउटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. हिरवे दिवे गेले. परत येऊन पांघरूण ओढून पडले.

साडेचारला सपाता वाजल्या. पंखा सुरू झाला. मग बोट आपटल्याचा आवाज.

"च्यायला! परत लागत नाही गं! काल तर लागत होतं. लागलं म्हणतंय, आवाज नाही." आणि बटण दाबायला सुरुवात.

मी पुढच्या खोलीत गेले, त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, पट्टी मागं ओढून अठरावर आणली.

"लागलंय," मी म्हटलं. "पंखा बंद करा आणि ती खिडकी उघडा."